डोक्यानं केलेले सहा

हिंगण्याच्या एका नट-बोल्टच्या कारखान्यात मॅनेजर वामनरावांनी वर्षभर संप होऊ दिला नव्हता. आणखी आठ दिवस निभावले की मुंबईला बढती, असं हेड ऑफिसनं लेखी कळवलं होतं. नेमकी तेव्हाच टेलिफोन ऑपरेटर प्रेमलताबाई केबिनमध्ये आली.

"साहेब, शनिवारी चारले चिलीचा रिटायर्ड स्ट्रायकर लाइनवर येणार हाय. कलकत्त्याहून. फिटर बळीरामनं बोलावणं धाडलं होतं. सगळे ऐकू म्हणून राहिले. येऊ देऊ काय सगळ्याइले ऑफिसात?"

आता हा स्ट्रायकर, बेलास्को, म्हणजे चिली देशाचा, गोल मारण्यात नावाजलेला म्हातारा फुटबॉलपटू, कलकत्त्यात प्रदर्शनी सामन्याला आलेला, आणि बळीराम कारखान्याच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन. पण वामनरावांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. स्ट्रायकर म्हणजे स्ट्राइक करणारा, आणि चिलीचा म्हणजे मिरचीचा, अर्थात मिरचीसाठी प्रसिद्ध भिवापूरकडचा, एवढं त्यांनी झटक्यात जुळवलं. त्यांनी घाम पुसत बळीरामला बोलावलं.

"कोण रे हा माणूस?"

"लय मोठा माणूस हाय साहेब! एका सालात एकेचाळीस केले त्यानं!"

"एकेचाळीस?"

"त्यातले सहा तं निरे डोक्यानं!"

"आता रिटायर झालाय ना? मग गप्प का बसत नाही?"

"आता पोराइले शिकवते. आमालेबी दोन गोष्टी सांगन."

झालं! वामनरावांची पाचावर धारण बसली. संध्याकाळच्या आत त्यांनी नोटीस लिहिली: कँटीनच्या चहात दूध, सक्करदऱ्यापर्यंत कंपनीची बस, सगळ्यांना गमबूट. खाली सही ठोकली आणि एक प्रत हेड ऑफिसला रवाना केली.

शनिवारी पाहावं तर शेजारच्या चार कारखान्यांतले लोकही ऑफिसात घुसलेले. खिडकीतसुद्धा माणसं. घंटी वाजताच वामनरावांनी प्रेमलताबाईच्या हातातून फोन हिसकावला.

"सर, ऑल डिमांड्स ग्रँटेड! प्लीज, नो स्ट्राइक!"

पलीकडून खरखरता आवाज आला, "नो स्ट्राइक, सेन्योर. आय ओल्ड. नाउ ओन्ली गोलकीपर."

"साहेब, फोन द्या नं! फुटबॉलवाला हाय तो," बळीराम कळवळून म्हणाला.

वामनराव खुर्चीत बसले ते बसलेच. फोनवर बेलास्कोनं तीन मिनिटं काय सांगितलं ते कोणालाच कळलं नाही, पण टाळ्या मात्र दणदणीत पडल्या. मग सगळे बाहेर आले आणि लेथवरच्या लहानूनं बोर्डावरची नोटीस मोठ्यानं वाचली.

"काहून देऊन राहिले गा हे सारं? आपण तं काही मांगतलंच नाही."

"आपण संप करू म्हणून भेले साहेब," बळीराम म्हणाला.

लहानूनं नोटीस पुन्हा एकदा, सहीपर्यंत, सावकाश वाचली.

"नाही करत तं एवढं देते," तो म्हणाला. "केला तं किती देईन गा?"