म्हणे म्हणजे कोण?

ठोंबरे सरांसमोर 'म्हणे' हा शब्द काढायचा नाही. आमच्या शिरूरच्या कॉलेजात नवीन माणूस रुजू झाला की स्टाफरूमची किल्ली कुठे टांगलेली असते हे त्याला नंतर सांगतात, हे आधी सांगतात.

मागच्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या क्लार्कच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही पंगतीला बसलो होतो. माझ्या डाव्या हाताच्या बाई हळूच कानाशी लागल्या, "मुलाची नोकरी गेली म्हणे." उजव्या हाताला ठोंबरे सर. त्यांचा घास तोंडाजवळच थांबला.

"म्हणे म्हणजे कोण?"

वर्गात शेवटच्या बाकाला विचारतात त्याच आवाजात. बाईंनी घाबरून स्वतःच्या जावेचं नाव सांगितलं. सर ताटावरून उठले. जावेकडे गेले, जावेने वाढप्याकडे बोट दाखवलं, वाढप्याने नवऱ्या मुलाच्या मामांकडे. मामा म्हणाले, "आवो, आमच्या पोराची न्हाई, त्याच्या दोस्ताची गेली. आन् त्यालाबी लागली की दुसरी, रांजणगावला." सर परत आले, बाईंना खरी बातमी नावानिशी सांगितली आणि गार झालेला मसालेभात शांतपणे जेवले. बाई पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. मी काय केलं होतं देव जाणे.

सर वनस्पतिशास्त्र शिकवतात, मी इंग्रजी. आमची टेबलं शेजारी, त्यामुळे हे सगळं मला रोज मोफत मिळतं. बरं, दुसऱ्याला छळतात तितकेच ते स्वतःलाही छळतात. स्वतःच्या नावावर काही म्हणजे काही ठेवून घेत नाहीत. "चहात आलं किसायचं नाही, ठेचायचं. हे माझं नाही, दौंड स्टेशनसमोरच्या इस्माईलभाईंचं." फळ्यावर मुळाची सुरेख आकृती काढतील आणि खाली लिहितील, 'आकृती: संतोष, आता रांजणगावला कंपनीत.' हा संतोष कधीकाळचा विद्यार्थी. बिचारा तिकडे नाइट शिफ्ट करतो आणि इकडे फळ्यावर अमर होतो.

अशा माणसाने संशोधनाचा पेपर लिहिला तर काय होईल?

सरांनी लिहिला. शिरूर आणि दौंडच्या माळांवरची गवतं हा विषय. किती वर्षं ते सुट्टीच्या दिवशी पिशवी अडकवून माळावर हिंडत होते. पुढच्या मे महिन्यात निवृत्ती, त्याआधी हा एक पेपर चांगल्या जर्नलात यावा एवढीच इच्छा. मजकूर त्यांचा, संदर्भसूची जर्नलच्या पद्धतीने लावून देणं माझ्याकडे. इंग्रजीच्या माणसाला स्वल्पविराम कुठे द्यायचा ते जन्मतः कळतं असा कॉलेजात समज आहे.

पहिल्याच दिवशी भांडण. आधी आडनाव, मग नावाचं फक्त पहिलं अक्षर, असा जर्नलचा नियम. सर खुर्ची ओढून बसले. "एवढा आख्खा माणूस, आणि त्याचं एकच अक्षर? बाकीचा कुठं गेला?" मी सांगितलं, नियम आहे. मग माझ्या सॉफ्टवेअरने नावं आपोआप अकारविल्हे लावली, तेही त्यांना खपलं नाही. "न विचारता माणसं हलवतंय तुमचं यंत्र, मॅडम."

पहिल्यांदा पेपर परत आला तो पुस्तकांची नावं तिरप्या अक्षरांत नव्हती म्हणून. दुसऱ्यांदा पानांचे आकडे चुकीच्या जागी होते म्हणून. तिसऱ्यांदा आला तो हौसाबाईंमुळे.

हौसाबाई कोळपे, कवठे येमाई. पूर्वी मेंढरांमागे फिरणारं घर, आता कांद्याची शेती आणि दारात थोडी मेंढरं. कोणत्या गवतावर कळप कधी सोडायचा, कधी उठवायचा म्हणजे ते पुन्हा फुटतं, हा पेपरचा कणा यांनी सरांना सांगितला होता. सरांनी त्यांना सूचीत रीतसर घातलं. संपादकांनी कळवलं की छापील आधार नसलेली तोंडी माहिती सूचीत घेता येत नाही. नोंद काढावी, मजकुरात 'स्थानिक मेंढपाळांच्या मते' असं लिहावं. नाहीतर पेपर मागे घ्यावा.

"मागं घ्या," सर म्हणाले.

मी वैतागले. "सर, एका ओळीसाठी? मे महिना किती लांब आहे?"

"बरं, आधी लेखी संमती आणू त्यांची. मग बघू कसे नाही म्हणतात."

संमती आणायला रविवारी माझ्याच गाडीतून कवठ्याला गेलो. हौसाबाईंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "माझं नाव नगा घालू. ह्ये माझं कुठंय? सासूनं सांगितल्यालं हाय मला."

इतक्या वर्षांत सरांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पाहिला नव्हता. त्यांच्या तोडीचं माणूस भेटलं होतं. "सासूबाईंचं नाव?"

"पारूबाई."

"आणि त्यांना कुणी सांगितलं?"

"तिला कोण सांगणार? मेंढरांनीच शिकवलं आसंल."

सरांनी लिहायला पेन उचललं. "मेंढरांची नोंद मी टाइप करणार नाही," मी आधीच सांगून टाकलं. हौसाबाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि त्या हसण्यातच सासूच्या नावासकट संमतीवर अंगठा उमटला.

येताना रांजणगावच्या अलीकडे चहाला थांबलो. कंपन्यांच्या बसगाड्या जात होत्या. आलं ठेचलेलं होतं, पण सरांचं लक्ष नव्हतं.

"मॅडम, आमची आई मेंढरंच राखायची. दौंडच्या बाजूला. मी शाळेत होतो तवा एक साहेब आले. आख्खी दुपार तिला गवतं विचारत बसले. तिनं एकेक उपटून दाखवलं, भाकरी वाढली. फुडं त्यांची पुस्तिका छापून शाळेत आली. मी पहिल्या पानापासनं आईचं नाव हुडकलं." त्यांनी कप खाली ठेवला. "कुठंच न्हाई. 'स्थानिक लोक सांगतात', एवढंच. घरी गेलो तर आय विचारती, आलं का रं माझं नाव? मी हो म्हणालो."

वाईट वाटलं, आणि त्या कुठल्याशा साहेबाचा रागही आला. घरी पोचल्या पोचल्या मी संपादकांना पत्र लिहिलं. इतकी वर्षं इंग्रजी शिकवतेय, ते त्या दिवशी कामाला आलं. सोबत संमती जोडली.

पंधरवड्याने उत्तर आलं. संमती असल्याने ही नोंद मुलाखत म्हणून सूचीत घेता येईल, आणि सांगणाऱ्या व्यक्तीचं पूर्ण नाव व गाव छापलं जाईल. सरांनी ते तीनदा वाचलं, चौथ्यांदा मला मोठ्याने वाचायला लावलं.

परवा पेपर छापून आला. सरांनी स्टाफरूममधूनच हौसाबाईंना फोन लावला, आवाज मोठा ठेवला.

"आलं तुमचं नाव. सासूबाईंचंबी."

"व्हय का? आन् शेजारी कोण हाय?"

सरांनी सूचीवर बोट ठेवलं. "वर एक जर्मन बाई, खाली ऑस्ट्रेलियाचे एक गृहस्थ."

"मेंढरं हायती का त्यांच्याकडं?"

"ते काय लिहिलं नाही."

"बरं बरं. या म्हणावं एकदा घरला."

सगळी स्टाफरूम हसली. सरही हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते सूचीकडेच बघत बसले, बोट अजून तिथेच. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसते, त्यांनी हजारो नावं मला सांगितली असतील. हे एक कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

"चिंधाबाई," ते म्हणाले. "आमच्या आईचं नाव. चिंधाबाई भागुजी ठोंबरे."