बुरुजातल्या बाईचा शेवटचा फर्मा

कोणत्याही भाषेचं वैभव तिच्यात किती पुस्तकं छापली गेली यावर मोजतात. ती वाचली किती जणांनी, याची नोंद ठेवायची पद्धत नाही. प्रकाशकाच्या काउंटरवर चौतीस वर्षं काढल्यावर आम्हाला ही पद्धत फार पटते.

‘बुरुजातली बाई’ ही दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी भयकादंबरी मराठीत आली ती १९६१ साली, आमच्या नारायण पेठेत. अनुवादकांनी परदेशी वाड्याचा गड केला, नायिकेची यमुना केली आणि तिला बुरुजात कोंडणाऱ्या दुष्ट काकाचा मामा केला. (प्रकाशकांना तीन पुतण्या होत्या.)

पुढे बाइंडिंगच्या वेळी शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानं, दुसऱ्याच पुस्तकाचा लागला. त्यामुळे यमुना दारावर आतून धडका देते, आपण पान उलटतो, आणि ‘लिंबं कोरड्या फडक्यानं पुसून घ्यावीत’ इथपासून कादंबरी लोणच्याकडे वळते ती शेवटपर्यंत. यमुनेच्या सुटकेची सोळा पानं गेली ‘बारमाही लोणची’ या पुस्तकात. लोणचीवाल्या वाचकांनी आठ दिवसांत तक्रार केली आणि ते पुस्तक दुरुस्त झालं. कादंबरीच्या वाचकांची तक्रार अद्याप यायची आहे.

दरम्यान जुन्याच पानांवरून अकरा आवृत्त्या निघाल्या. चार प्रस्तावना, दोन परिसंवाद आणि एक पीएचडीही झाली. लिंबू हे काळाचं प्रतीक असून मुरणं म्हणजे मृत्यू, असं एकमतानं ठरलं. (मिठाबद्दल मतभेद आहेत.)

अशा सुरळीत कारभारात खुशनुमा शेख आल्या. खराडीला आयटीत नोकरी. सहा वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या घालवून त्यांनी मूळ इंग्रजीवरून नवा अनुवाद केला होता, सुटकेसकट.

“अहो, यात लोणचं कुठंय?” आमचे मालक अनिरुद्धराव म्हणाले.

“मुळातच नाहीये, सर.”

“मुळात नसेल. मराठीत आहे. लोकांना सवय झालीय.”

“साठ वर्षं झाली, ती बाई आत कोंडलीय हो!” खुशनुमाबाईंनी हस्तलिखित मालकांपुढे सरकवलं. “माझं नाव नाही छापलंत तरी चालेल. तिला बाहेर काढा.”

“नाव छापतो की. बाहेर काढायचं तेवढं सोडून बोला.”

अखेर पुणेरी तोडगा निघाला. अनुवाद नवा, शेवटी लोणचं कायम. सुटकेची वेगळी पुस्तिका, मागेल त्याला फुकट. लोणच्याच्या शेवटी ठळक सूचना: ‘खरा शेवट हवा असल्यास काउंटरवर मागावा. उगाच चौकशी करू नये.’ पुस्तकं खपली तीन हजार दोनशे. पुस्तिका छापल्या पाचशे, मागितल्या शून्य.

तरी खुशनुमाबाई दर शनिवारी येऊन पुस्तिकांच्या गठ्ठ्याशेजारी बसतात. एक्केचाळीस शनिवार झाले, सुतळी अजून सुटलेली नाही.

परवा आपणही आला होतात. पुस्तकावर बाईंची सही घेतलीत आणि आपण होऊन म्हणालात, “शेवट वाचताना डोळ्यांत पाणी आलं हो!”

बाई ताडकन उठल्या. हात सुतळीकडे गेला. “कुठे? यमुना सुटते तिथे?”

“हो ना! सुटली बिचारी एकदाची.”

बाईंनी न सुटलेल्या गाठीवरचा हात काढला आणि त्या खाली बसल्या. आम्ही आपल्याला पिशवी दिली. त्या लोणच्यात कांदा नाही, एवढंच नोंदवून ठेवतो.