समूच्या सायकलीचं वजन

बाबगोंडा अण्णांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी चहा विचारायच्या आधी मला काट्यावर उभं केलं. आम्ही कॉलनीत नुकतेच राहायला आलो होतो आणि मी फक्त नळाला पाणी कधी येतं एवढंच विचारायला गेलो होतो. त्यांच्या पोर्चमध्ये पोती तोलायचा जुना, भला थोरला काटा होता. "चपला काढा पावणं, चढा," ते म्हणाले. मी चढलो. त्यांनी दांडीवरचं वजन बोटानं सरकवलं, एक डोळा मिटला आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "ब्याऐंशी! बसून खायची नोकरी दिसतीया!" मी बँकेत आहे. मग चहा आला, आणि पाणी सकाळी सहाला येतं हेही कळलं.

अण्णा मूळचे शिरोळकडचे. पन्नास वर्षं त्यांनी कोल्हापूरच्या गूळ बाजारात काढली, त्यातली बहुतेक तोलाईदार म्हणून. म्हणजे शेतकऱ्याचा गूळ काट्यावर घालायचा आणि वजन मोठ्यानं ओरडून सांगायचं. बाजारात आकडे दाखवणारे काटे आले, अण्णा घरी बसले, आणि जुना काटाही आपल्याबरोबर घेऊन आले. तेव्हापासून घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी काट्यावर जाते. गॅसचा सिलिंडर, भाजीची पिशवी, रद्दी. एकदा नातीचं दप्तर घातलं. काटा बघून ते दप्तर खांद्याला लावून तसेच शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "घ्या पाठीवर. जिना चढून दावा." मुख्याध्यापक हसले. अण्णा हसले नाहीत. शेवटी त्या गृहस्थांनी खरंच एक मजला चढून दाखवला म्हणतात.

त्यांचे दोनच शब्द सगळ्या कॉलनीला पाठ आहेत : "का म्हणून?" अण्णा, गाडी जरा पलीकडं लावा. का म्हणून? अण्णा, वर्गणी वाढवलीय. का म्हणून? डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं तेव्हाही हेच. त्या बिचाऱ्या डॉक्टरांनी अर्धा तास बसून चित्रं काढून समजावलं, आणि अण्णांनी त्या दिवसापासून मीठ सोडलं. उत्तर पटलं तर त्यांच्यासारखा शहाणा माणूस नाही. पण पटेल असं उत्तर द्यायला सहसा कुणाकडं वेळ नसतो.

आता सायकलीचं सांगतो. अण्णांची नात समृद्धी, म्हणजे समू, आठ वर्षांची. बारीक चणीची, कमी बोलणारी. वाढदिवसाला तिच्या वडलांनी, म्हणजे भरतनं, तिला माउंटन बाइक आणली. जाडजूड टायर, अठरा गिअर, मागं पिवळीधमक स्प्रिंग. कॉलनीतली सगळी पोरं बघायला जमली. आमच्या कॉलनीच्या मागं पाण्याच्या टाकीचा चढ आहे आणि सायकल येणं म्हणजे तो चढ चढता येणं, असा पोरांचा कायदा आहे. समू अर्ध्या चढावरच्या डीपीच्या खांबापर्यंत जायची आणि उतरायची. रोज. पोरं वरून ओरडायची, "समू, ढकल! ढकल समू!" महिन्याभरानं तिनं सायकल जिन्याखाली लावली, वर जुनी चादर टाकली आणि कुणी विचारलं तर, कोल्हापूरकडच्या पोरी बोलतात तसं पोरासारखं, म्हणायला लागली, "मी कच्चा हाय."

हे घरातल्यांनीही मान्य करून टाकलं. सूनबाईंनी बदाम भिजत घातले, टॉनिक आणलं. भरत म्हणाला, "नाहीतर नाही सायकल. पुढच्या महिन्यात फोटो टाकून विकून टाकतो." ही बोलणी जेवताना चालली होती. अण्णांकडं दिवस मावळायच्या आत जेवण होतं, त्यामुळं उजेड होता आणि मी गेटाशीच होतो. अण्णा भरल्या ताटावरून उठले. जिन्याखालून सायकल ओढून काढली आणि काट्यावर घातली.

"सतरा!" गल्ली हादरली. "समू, चढ तू." समू चढली. "बावीस!" मग ते भरतकडं वळले. "तू अठ्ठ्याऐंशी. त्या हिशेबानं तुला अडुसष्ट किलोची सायकल देतो. चढीव टाकीपातूर!"

"अण्णा, सगळ्या पोरांच्या सायकली असल्याच असतात."

"का म्हणून? पोरगी कच्ची न्हाय आमची. सायकल माजलीया!"

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन सायकलीच्या दुकानात गेले. सायकलीचं वजन किती असतं, असं त्यांनी विचारलं. दुकानदार म्हणाला, "ते कोण इचारत न्हाय अण्णा. भक्कम दिसाय लागती पोरास्नी." "दिसाय? पोरगी सायकलीवर बसणार हाय का सायकल बघत बसणार हाय?" दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी टायरकडं बघितलं. भांडणात मी नेहमी टायरकडं बघतो.

मग तीन आठवडे त्या पोर्चमध्ये चौकशी चालली. सायकल उलटी टाकलेली, अण्णा पाटावर, हातात पाना. मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी माणसाचा व्हिडिओ लावायचे, आवाज बंद करून. "तोंडानं काय बोलतोय ते काय करायचंय? हात बघायचं." प्रत्येक भागाला एकच प्रश्न. स्टँड का म्हणून? "उभी करायला," मी म्हणालो. "भिंत हाय की." स्टँड गेला. मडगार्ड गेले, कॅरिअर गेला. पुढच्या तीन दातेरी चकत्यांतल्या दोन गेल्या, लहानी तेवढी राहिली. लोखंडी हँडल जाऊन ॲल्युमिनियमचं आलं, शेतातल्या नांगरटीला शोभतील असे टायर जाऊन हलके आले. मागच्या पिवळ्या स्प्रिंगची परीक्षा घ्यायला त्यांनी मला सीटवर बसवलं. आठ वर्षांच्या पोरीच्या सायकलीवर मी भर रस्त्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलो. स्प्रिंग जराही दबली नाही. "बघा. ब्याऐंशीला हलंना, आन् बावीसला हलणार व्हय? नुस्ता देखावा." तिच्या जागी त्यांनी गावाकडच्या तुषार सिंचनाच्या जुन्या पाइपचा तुकडा दोन्ही टोकांना ठोकून बसवला आणि मला परत बसवलं. पाइपनंही मला पेललं.

फक्त ब्रेकला त्यांनी प्रश्न विचारला नाही. उलट सुतळीनं समूची बोटं मोजली, ती ब्रेकपर्यंत पोचत नाहीत हे शोधून काढलं आणि ब्रेकची दांडी स्क्रू पिळून जवळ आणली. "इतकं दीस पोरगी उतारावर ब्रेक लागंना म्हणून भीत हुती आन् आपन म्हणतोय कच्ची." हे बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच गल्लीबाहेर गेला नाही.

डाव्या पेडलनं मात्र त्यांची जिरवली. पेडल निघेना. अण्णांनी पान्याला पाइप जोडून तासभर जोर लावला, पेडलच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. शेवटी त्याच दुकानदाराला फोन लावावा लागला. तो म्हणाला, अण्णा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. अण्णा कडाडले, "का म्हणून?" दुकानदारानं शांतपणे सांगितलं की सरळ आटे असते तर पाय मारता मारता पेडल सैल होऊन निघालं असतं. मग अण्णांनी पान्याची दिशा बदलली, आणि पेडल सुटल्यावर ते फडक्यानं स्वच्छ पुसून ठेवलं.

समू या सगळ्यात लांब जिन्यात बसून असायची. तिची मागणी एकच होती : हँडलच्या टोकांना लावलेल्या गुलाबी झिरमिळ्या ठेवायच्या. अण्णांनी त्या सूनबाईंच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर घातल्या. बारा ग्रॅम. दिवसभर विचार केला. संध्याकाळी परत लावल्या. "ऱ्हाऊ देत," मला म्हणाले, "तेवढं सोसू."

शेवटचं वजन साडेअकरा भरलं. अण्णांनी ते अशा आवाजात सांगितलं की रविवारी सकाळी टाकीच्या चढाखाली निम्मी कॉलनी हजर होती. महिना त्याच दिवशी संपत होता, म्हणजे उद्यापासून भरत सायकल विकायला मोकळा होता, आणि तो कट्ट्यावर हाताची घडी घालून उभा होता. पोरं होती, पोरांचे आईबाप होते, दूध घालणारा थांबला होता. समूनं ती गर्दी बघितली आणि तिचं तोंड एवढंसं झालं. ती म्हणाली, "आज्जा, नको. मी उतरणार बघ."

मला वाटलं, आता अण्णा तिला समजावतील. ते आमच्याकडं वळले.

"तोंडं फिरवा!"

कुणाला कळेना.

"टाकीकडं पाठ करा सगळी! काय तमाशा हाय व्हय? फिरव रं भरत! ओ दूधवालं, तुमी बी!"

"अण्णा, मग बघायचं काय?" कुणीतरी विचारलं.

"काय न्हाय बघायचं. पोरगी चढंल न्हायतर उतरंल. तिचं ती बघंल!"

आणि खरं सांगतो, तीसचाळीस माणसं मुकाट्यानं रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. अण्णा माझ्या शेजारी, तेही पाठ करून. मागं साखळीचा आवाज आला, गिअर पडल्याचा कट् असा आवाज आला, आणि मग लांब जात जात काहीच ऐकू येईना. मी कुजबुजलो, "अण्णा, तुम्ही तरी बघा." त्यांनी मान हलवली. समोरच्या भिंतीकडं बघत ते हळू आवाजात बोलायला लागले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

"मी अकरा वर्साचा हुतो. आमच्या गुऱ्हाळावर बानं, आप्पानं, माझ्या डोक्यावर गुळाचा रवा दिला, आख्खी ढेप. गाडीपातूर न्यायचा. चार पावलं गेलो आन् पाडला. फुटला. सगळं गुऱ्हाळ बघत हुतं. आप्पा म्हणला, ह्ये कच्चं निघालं, शेतीच्या कामाचं न्हाय, ह्याला बाजारात धाडा. धाडलं. पयल्या दिवशी काट्यावर रवा चढला, तीस किलो. दुपारच्याला माणसं जेवाय गेली तवा मी चढून बघितलं. मी पंचवीस."

मी विचारलं, "आप्पांना सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? रव्याचं वजन आप्पाला म्हाईतच हुतं की. माझं कुणी केलं नव्हतं."

साठ वर्षं या माणसानं हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगितलं तेही भिंतीकडं बघून. पलीकडं भरत उभा होता. त्यानं ऐकलं असावं, कारण त्याची हाताची घडी सुटली होती.

तेवढ्यात वरून, टाकीच्याही पलीकडून, बारीक पण खणखणीत हाक आली.

"आज्जाऽऽ! आलो की वर! न्हाय उतरलो! आता बघाऽऽ!"

सगळी कॉलनी गर्रकन वळली. पोरं चढावर धावत सुटली, दूधवाल्यानं शिट्टी मारली, भरत तर चपला टाकून पळाला. अण्णा तसेच उभे होते, भिंतीकडं तोंड करून, धोतराचा सोगा डोळ्यांना लावून.

"अण्णा, वळा की. बोलावतीया तुम्हाला."

"वळतो," ते म्हणाले. "जरा थांबा. तवर तुमी बघा, आन् कशी दिसतीया ते मला सांगा."