डावीकडून दुसरा

"मी इथे राहायला आलेली नाही, तुम्हाला परत न्यायला आलेय," असं मास्तरीणबाईंनी सकाळच्या चहाबरोबरच सांगून टाकलं आणि दोघांचं बोलणं बंद झालं. एरवी घरात अबोला धरायचा म्हणजे एकानं स्वयंपाकघरात बसावं, दुसऱ्यानं गॅलरीत. पण हे भांडण झालं होतं एका अजस्र ट्रकच्या केबिनमध्ये. पुढे दोन सीटा आणि मागे पडदा लावलेला एक बर्थ, एवढाच तिथला संसार. मास्तरीणबाई पडद्यामागे गेल्या. मास्तरांनी ट्रक सुरू केला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलमधले. आपल्या देशात त्यांनी अर्ध्या गावाला क्लच सोडायला शिकवलं होतं. पुढे मुलीचं लग्न झालं, शिकवणीची गाडी दमली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर मास्तरांनी परदेशात लांब पल्ल्याचा ट्रक चालवायची नोकरी धरली. माल भरायचा आणि दिवसच्या दिवस जात राहायचं. रोज ते बायकोला फोन करून सांगत, "अगं, आज असा रस्ता लागला, वळणच नाही. थेट आभाळात शिरतो. आणि लांबवर पाऊस पडताना दिसतो, खांबासारखा एकाच जागी उभा. बाकी सगळीकडे लख्ख ऊन!"

"हो का," मास्तरीणबाई म्हणत. "जेवलात का?"

आता त्या स्वतः आल्या होत्या. पण ट्रकच्या पायऱ्या चढून पुढच्या सीटवर बसल्या, काचेतून खाली पाहिलं आणि सीटची कड घट्ट धरली. "ही गाडी आहे की माडी?" एवढंच म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि पडद्यामागे जाऊन आडव्या झाल्या. तेव्हापासून त्यांनी परदेश पाहिला होता तो फक्त केबिनच्या छतापुरता.

दुपारी मास्तरांनी एका मोठ्या पंपावर ट्रक उभा केला. तिथे ट्रकांची लांबच लांब रांग होती. इंजिन बंद करून ते पडद्याला उद्देशून म्हणाले, "हातपाय धुऊन यायचं असेल तर ये. आपला ट्रक लक्षात ठेव. डावीकडून दुसरा. लाल."

"कळतं मला," पडदा म्हणाला.

मास्तरीणबाई गेल्या आणि मास्तर खाली उतरून मागच्या दोऱ्या आवळायला लागले. तेवढ्यात रांगेतला डावीकडचा पहिला, निळा ट्रक निघून गेला. म्हणजे मास्तरांचा ट्रक आता पहिला झाला. त्याच्या पलीकडचा ट्रकही हलला आणि त्या जागी मास्तरांच्याच कंपनीचा, तसाच लाल, तेवढाच अजस्र ट्रक येऊन उभा राहिला. त्याची ड्रायव्हर खाली उतरली आणि टायर तपासत मागे गेली.

मास्तरीणबाई परत आल्या. त्यांनी डावीकडून मोजलं. दुसरा. लाल. डोळे अर्धवट मिटून त्या पायऱ्या चढल्या, पडद्यामागे शिरल्या आणि आडव्या झाल्या. पांघरूण वेगळं होतं, उशीला साबणाचा वास होता. 'भांडल्यावर का होईना, चादरी बदलायचं सुचलं,' असं मनाशी म्हणत त्यांनी डोळे मिटले.

इकडे मास्तर आपल्या ट्रकमध्ये चढले. पडदा ओढलेलाच होता. "आलीस?" त्यांनी विचारलं. उत्तर नाही. "बरं," म्हणून त्यांनी ट्रक पश्चिमेच्या रस्त्याला लावला. पाठोपाठ दुसरा लाल ट्रक निघाला, तो पूर्वेला.

त्या दिवशी रस्त्यानं अगदी जीव ओतला होता. आधी एक आटलेलं तळं लागलं, पांढरंशुभ्र, नजर पोचेल तिथवर. मग क्षितिजावर डोंगर उगवले. मास्तर तासभर त्यांच्याकडे चालले होते तरी ते जवळ येईनात, नुसते उंच होत गेले. त्यांच्या माथ्यावर बर्फ होतं आणि त्या बर्फावर एकाच ढगाची सावली सरकत होती. मास्तरांना राहवेना.

"अगं, झोपली नसशील तर एकदा बाहेर बघ."

उत्तर नाही.

"नको बघूस. रागाव. पण ऐक तरी. तुला वाटतं, मला इथे मजा वाटते म्हणून मी परत येत नाही. मजा कसली? पहिल्या थंडीत मी याच रस्त्यावर ट्रक थांबवून रडलो होतो. दुःख झालं म्हणून नाही गं. समोर हे एवढं मोठं उभं होतं आणि 'ते बघ' म्हणायला शेजारी कोणी नव्हतं. स्टिअरिंगला सांगितलं मी, ते बघ म्हणून."

पडदा जरासा हलला.

"तू फोनवर जेवलात का विचारायचीस ना, त्याचा मला राग यायचा. मग नाही विचारलंस की चैन पडायची नाही. असो. तू म्हणतेस तेच खरं. माणसानं एवढं मोठं काही एकट्यानं बघू नये. जाऊ आपण परत. हा माल पोचवला की राजीनामा देतो. झालं समाधान?"

एवढा मोठा निर्णय ऐकूनही पडद्यामागून साधा हुंकार आला नाही. 'केवढा हा ताठा!' असं मास्तरांच्या मनात येतंय तोच केबिनमध्ये फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"अहो, मी बोलतेय!"

मास्तरांनी आरशातून पडद्याकडे पाहिलं. "मग तशीच बोल की. फोन कशाला करतेस?"

"तुम्ही आहात कुठे?"

"कुठे म्हणजे? ट्रकमध्ये."

"अहो, ट्रकमध्ये तर मी आहे!"

"माहीत आहे मला. पडद्यामागे."

"पडद्यामागे कुठली? मी पुढे बसलेय. आणि या ट्रकची ड्रायव्हर एक बाई आहे!"

मास्तरांनी करकचून ब्रेक दाबला, तेवढ्यात फोन तुटला आणि परत लागेना. त्यांनी ट्रक कडेला घेतला, दिवे लुकलुकते ठेवले आणि पडदा सर्रकन ओढला. बर्थवर मास्तरीणबाईंची पर्स होती, त्यांचा फोन होता आणि घडी घातलेली शाल होती. इतका वेळ मास्तरांनी काळीज उघडून दाखवलं होतं ते त्या शालीला.

कडेला थांबलेला ट्रक पाहून गस्तीवरचा पोलीस आला. काय झालं, त्यानं विचारलं. मास्तरांची तिथली भाषा एरवी कामापुरती बरी होती, पण घाबरल्यावर तिची चाकं निखळली. "बायको गेली," ते म्हणाले. "लाल ट्रकमध्ये. दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर."

पोलिसानं सहानुभूतीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "स्वतःच्या मर्जीनं?"

"नाही, नाही! मर्जी कसली! तिला माहीतच नव्हतं!"

झालं. पोलिसानं वायरलेस उचलला. निरोप एका चौकीतून दुसऱ्या चौकीत पोचेपर्यंत 'लाल ट्रकमधून बाई पळवली' असा झाला होता. त्या महामार्गावर त्या कंपनीचे जेवढे लाल ट्रक होते तेवढे एकामागून एक थांबवले गेले. बटाटे घेऊन निघालेल्या एका ड्रायव्हरला सगळी पोती हलवून दाखवावी लागली. मग कंपनीच्या साहेबाचा फोन मास्तरांना आला. "मास्तर, तुमची बायको माझ्या किती ट्रकांमध्ये आहे?"

तिकडे झालं होतं ते असं. मास्तरीणबाईंनी जाग आल्यावर पडदा सारला, तर मास्तरांच्या जागी पांढरी लांब वेणी घातलेली एक भरभक्कम बाई बसलेली. दोघी एकदमच किंचाळल्या. मग त्या ड्रायव्हरीणबाईनं ट्रक जागा बघून थांबवला, पाहुणीला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा बांधला आणि आपला फोन हातात दिला. मास्तरांचा नंबर मास्तरीणबाईंना झोपेतही पाठ होता. पण बोलताना डोळे उघडे होते आणि समोर काच होती. फोन मध्येच तुटला, परत लागेना म्हणून ट्रक पुन्हा चालू लागला, तरी त्यांना डोळे मिटायचं सुचलं नाही.

समोर दरी उघडली होती. तळाशी एक नदी होती, निळी म्हणावी तर हिरवी, आणि तिच्यावरून त्यांच्या खालून, हो, खालून, पक्ष्यांचा थवा चालला होता. मास्तरीणबाईंनी नकळत शेजारणीचा दंड धरला. "अगं बाई!" त्या म्हणाल्या. ड्रायव्हरीणबाईला शब्द कळला नाही, पण अर्थ पुरता कळला. तिनं मान डोलावली आणि ट्रक हळू केला.

नेमकं तिथेच पोलिसांनी त्यांना अडवलं.

मास्तरीणबाईंना त्या भाषेतला एकच शब्द येत होता, 'हो'.

"या बाईनं तुम्हाला जबरदस्तीनं आणलं?" पोलिसानं विचारलं.

मास्तरीणबाई हसून म्हणाल्या, "हो."

"म्हणजे तुम्ही हिला ओळखत नाही?"

"हो, हो."

पोलिसानं ड्रायव्हरीणबाईला खाली उतरवून तिचा हात धरला. ते पाहताच सकाळपासून पायरीलाही घाबरणाऱ्या मास्तरीणबाईंनी वरून सरळ उडी मारली आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "हात सोडा तिचा! लाज नाही वाटत? बिचारी माझ्यासाठी गाडी हळू चालवत होती! मुकाट्यानं मास्तरांना फोन लावा आधी!"

पोलिसाला एक अक्षर कळलं नाही. त्यानं हात मात्र सोडला.

मास्तरीणबाईंनी ड्रायव्हरीणबाईच्या फोनवरून स्वतःच नंबर फिरवला आणि या वेळी तो लागला. मास्तरांनी त त प प करत सगळं उलगडून सांगितलं आणि पोलिसाला हसू फुटलं. मास्तरीणबाईंना मास्तरांपर्यंत गाडीनं पोचवायची तयारी त्यानं दाखवली.

"ऐकलंस का," मास्तर फोनवर म्हणाले, "ते तुला आणून सोडतायत."

"आत्ता?"

"मग कधी?"

"अहो, ही खुणेनं सांगतेय, पुढे मोठा घाट आहे म्हणून."

"बरं मग?"

"तेवढा बघते आणि येते. उद्या ही तुमच्याच डेपोत येणारेय. मी काही फुकट बसत नाही, हिला भाकऱ्या करून घालीन म्हणते, पीठ मिळालं तर."

मास्तरांनी साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, "कुठेही जाऊ दे. फक्त पोलीस नकोत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर डेपोच्या फाटकाशी उभे होते. लाल ट्रक आत आला. पुढच्या सीटवर, काचेला नाक लावून, मास्तरीणबाई बसल्या होत्या. उतरल्या त्या बोलतच. "अहो, काय सांगू! घाटात ढग खाली आणि आपण वर! आणि मग असा रस्ता, वळणच नाही, थेट आभाळात शिरतो! आणि लांबवर पाऊस, एकाच जागी उभा, अस्सा, खांबासारखा!"

"हो का," मास्तर म्हणाले.

ड्रायव्हरीणबाई मास्तरीणबाईंना कडकडून भेटली आणि माल उतरवायला गेली. दोघं आपल्या ट्रकमध्ये चढली. मास्तरांनी घसा साफ केला. "ते परत जायचं... मी काल विचार केला. तू म्हणत असशील तर..."

"परत?" मास्तरीणबाई पट्टा बांधत म्हणाल्या. "हे एवढं सोडून? तुमचं म्हणजे कमाल आहे. दोन वर्षं फोनवर बोलत होतात, पण हे असं आहे असं एकदा तरी नीट सांगितलंत का मला?"

मास्तरांनी ट्रक सुरू केला. फाटकाबाहेर पडल्याबरोबर डोंगर समोर आले. मास्तरीणबाई पुढे वाकून डोंगरांकडे बघत राहिल्या. मग एकदम त्यांना आठवण झाली.

"आणि काल तुम्ही एवढा वेळ एकटेच होतात नाही? काय केलंत?"

"काय करणार? ट्रक चालवला."

"म्हणजे कुणाशी बोलणं नाही, काही नाही?"

मास्तरांनी नजर रस्त्यावरच ठेवली. "कुणाशी बोलणार? ट्रकमध्ये होतंच कोण?"