पुढचं डावं चाक

चाक बसलं तेव्हा घरालगतचं अर्धं शेत नांगरायचं राहिलं होतं आणि ट्रॅक्टर होता साडूचा. साडूची अट एकच: जसा नेला तसा संध्याकाळी परत करायचा. काही तक्रार निघाली, की पुन्हा मागायला यायचं नाही. भाड्याचा ट्रॅक्टर परवडण्यातला नव्हता. म्हणजे साडू रुसला, तर उरलेलं शेत यंदा पडीकच!

ज्यांना सगळे 'काटकसरे' म्हणत ते हे गृहस्थ चाकाकडे बघत नुसतेच उभे राहिले. मग सुस्कारा टाकून त्यांनी चाक खोललं, सायकलच्या कॅरियरला बांधलं आणि ढकलत पंक्चरवाल्याकडे नेलं.

त्याने ट्यूब बाहेर ओढली आणि नाक मुरडलं. "काका, पॅच मारू कुठे? जागाच नाही. नवीन घ्या."

"आज संध्याकाळपर्यंत टिकेल असं काहीतरी कर ना बाबा."

"मग गवत भरा," तो वैतागून म्हणाला.

त्याने चेष्टा केली होती. काटकसऱ्यांनी ती मनावर घेतली.

वाळलेल्या गवताचा अख्खा भारा फावड्याच्या दांड्याने ठासून झाला, तरी चाक अर्धंच भरलं. मग गोठ्यातला पेंढा गेला. मग दोन पोती.

"अहो, गाईने काय खायचं आज?" बायकोने विचारलं.

"बघू. आधी ती चादर दे."

"माझी चादर? एक दिवस मलाही कोंबाल त्या चाकात!" असं म्हणाली खरी, पण टायरची कड दाबून धरायला शेवटी तीच बसली. त्यांच्या मदतीला तरी दुसरं कोण होतं?

ट्यूबचा वॉल्व्ह कापून काटकसऱ्यांनी रिमच्या भोकात बसवला, वर टोपीही लावली. चाक ट्रॅक्टरला चढवेपर्यंत कंबरेचा काटा ढिला झाला. आणि तेवढ्यात साडू स्वतःच समोर हजर!

आल्याआल्या त्याने डाव्या चाकाला लाथ मारली. चाक ढिम्म. पाय चोळत तो म्हणाला, "हवा जरा जास्त झालीय साडूभाऊ. थोडी काढतो."

"राहू द्या हो, कशाला उगीच..."

साडूने वॉल्व्ह दाबला. आवाज नाही. जरा ओढला, तर वॉल्व्ह हातात आला आणि मागोमाग गवताची काडी.

"चुकलं माझं," काटकसरे रडवेल्या आवाजात म्हणाले. "पण अर्धं शेत राहिलंय हो. एवढ्यावरून रुसू नका."

साडूने घराकडे पाहिलं. काटकसऱ्यांची बायको आत गेली होती. तो हळूच जमिनीवर बसला.

"नुसतं गवतच भरलंत?"

"चादरही आहे."

"मग टिकेल. नुसतं गवत आठवड्यात बसतं." साडूचा आवाज थकलेला होता. "उजव्या चाकात मी सतरंजी भरलीय. दोन वर्षं झाली. तेव्हापासून ट्रॅक्टर एकाच बाजूला ओढतो, हात भरून येतात माझे. आता निदान सरळ चालेल. घेऊन जा, उरलेलं शेत उरका."

काटकसऱ्यांनी त्याच्या हातातला वॉल्व्ह घेऊन पुन्हा भोकात बसवला.

"फक्त माझ्या बायकोला सांगू नका," साडू म्हणाला. "ती अजून सतरंजी शोधतेय."