सोंडोपंतांचा चार्ज

एका जंगलात सिंह होता, पण बाळांनो, आपली गोष्ट हत्तींची आहे. तेव्हा हाताची घडी, तोंडावर बोट.

या जंगलातली सगळी मेल दंतोपंत हत्तींच्या डोक्यात असे. कावळ्याने निरोप आणून त्यांना सांगायचा. ज्याचा असेल त्याने येऊन विचारायचा. दंतोपंत आजारी पडले तर पंचाईत नको, म्हणून शेजारी सोंडोपंत नावाचे राखीव हत्ती होते. कावळा बोलला की तेही ऐकत. मग दंतोपंत निरोप पुन्हा म्हणून दाखवत आणि सोंडोपंत तो ताडून पाहत. काना-मात्रा चुकली तरी त्यांना खपत नसे.

दर महिन्याला सराव होई. दंतोपंत म्हणत, "चार्ज दिला." सोंडोपंत म्हणत, "चार्ज घेतला." सगळे टाळ्या वाजवत. सराव एकदाही फसला नव्हता.

एके दिवशी दंतोपंतांनी मोहाची फुलं जरा जास्तच खाल्ली. भर दुपारी ते धाडकन आडवे झाले.

नेमकी तेव्हाच शेवंता सशीण धापा टाकत आली. डोंगरापलीकडे वणवा लागला होता. घरी तिची तीन दिवसांची चार पिल्लं होती. वर घारी फिरत होत्या, त्यामुळे उगाच बाहेर काढायची सोय नव्हती. राहायचं की पळायचं, ते डोंगरावरची तिची ताई कळवणार होती.

तिने सोंडोपंतांना निरोप विचारला, पण ते काही सांगेनात. तज्ज्ञ म्हणून माकडाला बोलावलं.

"नक्कल पूर्ण आहे?"

"पूर्ण."

"तब्येत?"

"ठणठणीत."

"मग चालू का होत नाही?"

"चार्ज मिळालेला नाही," सोंडोपंत म्हणाले.

माकडाने दंतोपंतांवर पाणी ओतलं. ते घोरत राहिले. मग त्याने सोंडोपंतांना दोनदा खाली बसवून उठवलं. काही फरक पडला नाही. "वाट बघा," असं सांगून माकड झाडावर गेलं. तज्ज्ञ असेच असतात, बाळांनो.

"पंत, माझी मेल तुम्हाला पाठ आहे ना?" शेवंता म्हणाली.

"शब्दन्‌शब्द."

"मग सांगा ना! पोरं भाजतील हो माझी!"

"जीव तुटतो, बाई. पण चार्ज नसताना सांगू कसं?" सोंडोपंतांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

शेवंताने क्षणभर विचार केला. "बरं, मीच म्हणते. ताई कळवते, 'वणवा विझला, घरीच थांब.'"

"साफ चूक!" सोंडोपंत गरजले. "'वणवा वळला, ओढ्यापलीकडे पळ.' काय बाई, अर्थाचा अनर्थ करता!"

शेवंता केव्हाच सुटली होती. तिने एकेक करून चारही पिल्लं ओढ्यापार नेली. शेवटचं नेलं आणि मागे तिचं गवत पेटलं. ती ओल्या वाळूत बसली आणि पिल्लांना चाटत ढसाढसा रडली.

संध्याकाळी दंतोपंत उठले. त्यांनी रीतसर चार्ज दिला, सोंडोपंतांनी घेतला, आणि सवयीने सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे सिंहाने चौकशी समिती नेमली. समितीला व्यवस्थेत काहीच दोष आढळला नाही. चार्ज नसताना चूक दुरुस्त केल्याबद्दल सोंडोपंतांना मात्र नोटीस मिळाली. आणि झाडावर नवी पाटी लागली : 'राखीव हत्तीसमोर कोणीही चुकीचे बोलू नये.'

तात्पर्य : अडीअडचणीसाठी राखीव हत्ती अवश्य ठेवावा. फक्त बेशुद्ध पडणाऱ्याने आधी चार्ज द्यावा, मगच पडावे.