सहाशे चाळीस मीटरवरची गळती

"आज दुपारपर्यंत गळती सापडली नाही, तर मी नाव बदलीन!" रेवणसिद्ध इंजिनियरनं छाती ठोकून सांगितलं.

जिल्हा नवाकोरा, दुष्काळ मात्र जुनाच, आणि देवणीकडच्या त्या गावात रेवणसिद्धला नोकरीला लागून चारच महिने झालेले. वरच्या गल्लीच्या नळांना आठ दिवस करंगळीएवढी धार. तिथल्या गौरम्माच्या लेकीचं परवा लग्न, चारशे माणूस जेवायला! "पाण्याचं बघा हो बाबा, नायतर पाहुण्यांपुढं तोंड दाखवायला जागा न्हाई," असं ती म्हणाली, आणि यानं शब्द देऊन टाकला.

शब्दाच्या मागं गळती शोधायची एक पेटी होती. गल्लीच्या टोकाचा वॉल भराभर उघडझाप करायचा. पाईपातल्या पाण्यात लाटा उठतात, त्या सेकंदाला किती वेळा येतात ते पेटीची सुई कागदावर काढते. आकडे गणितात घातले की गळती कुठं ते मीटरात कळतं.

"साहेब, टाकीखालच्या वॉलचं जरा सांगायचं व्हतं..." वॉलमन गुरुपादप्पा म्हणाले.

"टाकीचा वॉल पूर्ण उघडा धरलाय, अप्पा. गणितात सगळं आलंय!"

"पर साहेब..."

"नंतर!"

पानभर आकडेमोड झाली. टाकीपासून सहाशे चाळीस मीटर! टेप धरत सगळे निघाले, ते थांबले थेट गौरम्माच्या मांडवात, बोहल्यापाशी.

"इथं खणायचं."

"आरं देवा! उद्या हळद हाय इथं!"

"अक्का, पाणी पाहिजे की बोहलं?"

"दोन्ही पायजे!" गौरम्मा कडाडली.

बोहलं गेलं. तीन फूट खणलं, तरी माती कोरडी ठाक! रेवणसिद्धला घाम फुटला. शेवटी त्यानं स्वतःच पहार घेतली, दणकन हाणली, आणि फस्सकन कारंजं उडालं!

"बघा! सहाशे चाळीस! एक फूट इकडं न्हाई की तिकडं!" चिंब भिजून तो नाचायलाच लागला.

टाळी कुणीच वाजवली नाही. गुरुपादप्पांनी वाकून पाहिलं. "साहेब, हे भोक तर पहारीचं हाय."

"मग धार बारीक कशानं झाली?"

"तेच सकाळपासून सांगायलोय! मागल्या सोमवारी तुमीच म्हणालात, दुष्काळ हाय, टाकीचा वॉल अर्धा ठेवा. अर्धाच हाय की अजून!"

रेवणसिद्धचं तोंड एवढंसं झालं. भोकावर सायकलची ट्यूब आवळली, वॉल पूर्ण उघडला, आणि दिवेलागणीला गौरम्माचा हौद काठोकाठ भरला.

"पाणी आलं. आता बोहलं!" गौरम्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली. इंजिनियरसाहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि निमूट चिखल तुडवायला घेतला.

लग्न दणक्यात झालं. सोमवारी रेवणसिद्धनं ऐटीत अहवाल लिहिला: 'गळती बरोबर सहाशे चाळीस मीटरवर सापडली. पद्धत अचूक.' खाली साक्षीदाराची सही लागत होती. गुरुपादप्पांनी चष्मा पुसून सही केली, आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलं: 'खणायच्या आधी नव्हती.'